स्पेन: बार्सिलोना किती दिवस, माद्रिद किती? ९ रात्रींची वाटणी करून द्या प्लीज

ठाणेकरीण | २ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मे महिन्यात स्पेनला जायचं ठरलंय, विमानाची तिकिटं पण काढून झाली. ८ मेला संध्याकाळी बार्सिलोनाला उतरायचं आणि १७ मेला रात्री माद्रिदहून परत. म्हणजे ९ रात्री. आणि गेले पंधरा दिवस घरात एकच विषय, कुठे किती राहायचं.

माणसं चार. मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, उजवा गुडघा त्रास देतो, सपाटीवर मस्त चालतात पण चढ आणि जिने नकोत). सासूबाई शाकाहारी, त्यातही केकमधलं अंडं चालतं, ताटातलं नाही. नवरा म्हणतो बार्सिलोना ७ आणि माद्रिद २, कारण त्याच्या ऑफिसातले सगळे म्हणतात माद्रिदमध्ये काही नाही. शिवाय फुटबॉलमध्ये तो बार्सावाला. मुलगा रिआल माद्रिदवाला, त्यामुळे त्याला बरोब्बर उलटं हवंय. मी ६-३ वर येऊन थांबलेय पण मनापासून पटत नाहीये, कारण मला चित्रं बघायचीयत आणि ती सगळी माद्रिदला आहेत.

एक विनंती, सेव्हिया-ग्रानाडा सुचवू नका. दोनच हॉटेलं करायची, सासूबाईंना रोज बॅग भरायला लावायची नाही हे पक्कं आहे.

रानवारा | २ फेब्रुवारी, रात्री ११:१५

६-३ बरोबर आहे. खरं तर ७-२ पण चालेल. बार्सिलोनाला समुद्र आहे, गौदी या वास्तुशिल्पकाराच्या इमारती आहेत, नुसतं रस्त्यावरून फिरलं तरी डोळे दिपतात. माद्रिद म्हणजे राजधानी, मोठे रस्ते, बँका आणि सरकारी इमारती. आम्ही दीड दिवसात उरकलं.

लावापिएसकर | ३ फेब्रुवारी, पहाटे १:३०

"उरकलं" या शब्दातच सगळं आलं भाऊ :)

६ वर्षं माद्रिदला राहतोय त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच कबूल करतो. सकाळी सविस्तर लिहितो.

चकलीताई | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

वाचतेय. आम्हाला पण पुढच्या वर्षी जायचंय.

मुक्काम_पोस्ट_कोथरूड | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, ग्रानाडाचा आलाम्ब्रा बघितला नाही तर स्पेन बघितलाच नाही. माद्रिद पूर्ण कापा आणि...

ठाणेकरीण | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:४८

काका, हात जोडते.

लावापिएसकर | ३ फेब्रुवारी, दुपारी २:२०

हां, आता बसलो लिहायला. पहिली गोष्ट, रात्री मोजू नका, सकाळी उठून झोपेपर्यंत एकाच गावात असलेले दिवस मोजा. तुमच्या ७-२ मध्ये १५ तारखेला तुम्ही ट्रेनमध्ये, माद्रिदला उरले १६ आणि १७, त्यात १७ ला बॅगा हॉटेलात ठेवून फिरायचं. ६-३ मध्ये बार्सिलोनाचे पूर्ण दिवस पाच आणि माद्रिदचे १५, १६, १७. ५-४ केलंत तर बार्सिलोना ९ ते १२ पूर्ण चार दिवस, १३ ला प्रवास, माद्रिद १४ ते १७. बार्सिलोनाचा एक दिवस कमी होतो फक्त.

दुसरी गोष्ट, रानवारा म्हणतात ते अगदीच खोटं नाही. माद्रिदमध्ये "हे बघायला आलो" म्हणून फोटो काढावा अशी एक वस्तू नाही. आयफेल टॉवर नाही, साग्रादा फामिलिया (बार्सिलोनाचं ते गौदीचं चर्च) नाही. म्हणून दीड दिवसाचे लोक राजवाडा, प्लाझा मायोर, सोल असं करून "काही नाही इथे" म्हणत निघून जातात. पण माद्रिदचे दिवस माद्रिदसाठी नसतातच. आतोचा स्टेशनवरून तोलेदो अर्ध्या तासावर. चामार्तिनवरून सेगोविया, तेही तेवढंच. सकाळी जा, संध्याकाळी परत, बॅग हलवायची नाही. तुम्हाला दोनच हॉटेलं करायचीयत ना, मग माद्रिदला राहिलात तर एका हॉटेलात तीन गावं होतात. तेव्हा माद्रिदला किती दिवस हे आत्ता ठरवूच नका. तोलेदो-सेगोविया करणार का हे ठरवा, आकडा आपोआप येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे १५ मे. सान इसिद्रो, माद्रिदच्या ग्रामदैवताचा दिवस म्हणा ना, गावात सुट्टी असते. आज्या-आजोबा जुन्या थाटात नटून, पुरुष डोक्याला चौकड्याच्या टोप्या, बायका डोक्याला रुमाल बांधून त्यात लाल कार्नेशन खोचून, नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर जत्रेला जातात. तिथे रोस्कियास म्हणून गोल कडी मिळतात, एक प्रकार "तोंतास" आणि दुसरा "लिस्तास", म्हणजे बावळट आणि हुशार. बावळट म्हणजे साधी, हुशार म्हणजे वरून साखरेचा पाक चढवलेली. अंडं असतं पण तुमच्या सासूबाईंच्या केकच्या नियमात बसेल.

पणजीकर | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

जत्रेवरून आठवलं, आमच्या जुन्या गोव्याच्या गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियर) मूळ गाव पण स्पेनातच, नवारामध्ये शाविएर. तो किल्ला बघायला जाता येतं. अर्थात तुमच्या वाटेवर नाही, उगाच आपलं.

ग्रासियातली | ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:५५

आता बार्सिलोनाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. मी इथेच राहते. आणि गंमत म्हणजे मी पण ५-४ म्हणणार आहे, फक्त कारण वेगळं आहे.

इथल्या मोठ्या जागांची तिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन काढावी लागतात. साग्रादा, गौदीची बाग पार्क ग्वेल, त्याचंच घर कासा बात्यो, सगळं. त्यामुळे उगाच भटकण्यात वाया जाणारा वेळ वाचतो आणि दिवसाला एक मोठी जागा, फार तर दोन, एवढंच जमतं. दोन मोठ्या जागा एका दिवशी घातल्या की तिसऱ्या दिवशी सगळे एकमेकांवर ओरडायला लागतात, पाहुण्यांच्या बाबतीत हे मी इतक्यांदा बघितलंय.

साग्रादाचं तिकीट दिवस ठरल्या ठरल्या काढा, आणि वेळ डोकं लावून निवडा. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी नऊ-दहाला आत गेलात तर पूर्वेकडचे खांब तळ्याच्या पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर तीच जागा पेटल्यासारखी होते. माझं मत संध्याकाळ. खांब वर जाऊन झाडासारखे फांद्या फोडतात, त्या फांद्यांवर तो केशरी उजेड सरकत जातो, माझी आई खुर्चीत बसून चाळीस मिनिटं नुसती वर बघत होती, मला वाटलं मान धरली. १८८२ ला काम सुरू झालंय, गौदी १९२६ ला ट्रामच्या धडकेने गेला, तिथेच तळघरात पुरलाय, आणि क्रेन अजून उभ्या. मनोऱ्यावर जायचं तिकीट मात्र काढू नका, वर लिफ्ट आहे पण उतरताना अरुंद गोल जिना आहे. गुडघा.

पार्क ग्वेल पण चढावर आहे. मेट्रोने गेलात तर शेवटचा रस्ता सासूबाईंना जड जाईल. प्लासा कातालुन्यावरून २४ नंबरची बस घ्या, ती वरच्या अंगाला सोडते.

मोन्सेरातच्या डोंगरावरच्या मठात नेऊ शकता, प्लासा एस्पान्यावरून ट्रेन, मग दातेरी रुळांची छोटी गाडी डोंगरावर नेते, चढायचं काही नाही. काळी मेरी आहे तिथे, लोक नवस बोलतात. सासूबाईंना आवडेल. तोलेदोच्या बदल्यात हे, असा विचार करून बघा. सेगोविया मात्र ठेवाच.

बीचसाठी म्हणून दिवस वाढवू नका. मे मध्ये समुद्राचं पाणी गार असतं. तुम्ही ठाण्याच्या, समुद्राचं काय कौतुक.

रानवारा | ३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

म्हणजे बार्सिलोनावालेच बार्सिलोनाचे दिवस कापायला निघाले. मी काय बोलणार.

(मुंबई-पुणे सुरू होण्याआधी सांगून ठेवतो, बार्सिलोना म्हणजे मुंबई, दमट आणि चिकट. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे, कोरडी हवा, जुलैत नागपूर. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.)

जुन्या_वाड्यातला | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

तुम्ही चित्रं बघायचीयत असं ओझरतं लिहिलंत आणि सगळे पुढे निघून गेले, म्हणून लिहितो. मी रिटायर झाल्यावर गेलो होतो, एकटा, माद्रिदला पाच दिवस, त्यातले तीन प्राडो म्युझियममध्ये.

प्राडोमध्ये हजारो चित्रं आहेत, सगळी बघायला जाऊ नका, वेड लागेल. दोन ठरवा. एक वेलास्केझचं लास मेनिनास, १६५६ चं. पुनर्मुद्रणात ते राजघराण्यातल्या मुलींचं चित्र वाटतं. समोर उभे राहिलात की कळतं की डावीकडचा चित्रकार हातात ब्रश धरून तुमच्याकडे बघतोय, छोटी राजकन्या तुमच्याकडे बघतेय, आणि मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी दिसतात, म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथे ते उभे आहेत. माझ्या मागून एक शाळेचा घोळका आला आणि मी चटकन बाजूला झालो, मला वाटलं राजाच्या जागेवर उभा राहिलो की काय. चित्रकाराच्या छातीवरचा लाल क्रूस नीट बघा, तो मान त्याला १६५९ मध्ये मिळाला, म्हणजे चित्र झाल्यावर मागाहून रंगवलाय.

दुसरं, गोयाची काळी चित्रं. म्हातारपणी, बहिरा झालेला असताना स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढलेली १४ चित्रं, नंतर भिंतीवरून उतरवून कॅनव्हासवर घेतली. त्यात एक कुत्र्याचं आहे. नुसतं डोकं दिसतं, बाकी सगळं पिवळट रिकामं. मुलाला ते दाखवा, शनि पोराला खातोय ते दाखवू नका, शेजारीच आहे, आधी बघून घ्या.

आत फोटो काढू देत नाहीत, हे उत्तमच आहे. १८ वर्षांखाली फुकट. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ सगळ्यांनाच फुकट, पण रांग मोठी असते आणि दोन तासांत धावपळ होते. पहिल्यांदा जाताय तर तिकीट काढून सकाळी जा, आवडलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुकटात एकट्या परत जा. मी तेच केलं.

पिकासोचं गेर्निका मात्र प्राडोत नाही, रेइना सोफिया म्युझियममध्ये आहे, चालत दहा-पंधरा मिनिटं. मंगळवारी बंद असतं ते. जवळपास पावणेआठ मीटर लांब आहे, आणि अख्खं काळं-पांढरं-राखाडी.

ठाणेकरीण | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला "तीन दिवस एकाच म्युझियममध्ये?" आणि चहा प्यायला निघून गेला. पण ७-२ चा हट्ट सोडलाय.

आता खाण्याचं सांगा कुणीतरी. सासूबाई ८ ला जेवतात.

चकलीताई | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:००

स्पेनमध्ये ८ ला कुणी जेवत नाही म्हणे.

लावापिएसकर | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

खरं आहे. दुपारचं जेवण दोन ते चार, मग बऱ्याच ठिकाणी किचन बंद, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. यावर उपाय एकच, मोठं जेवण दुपारी दोनला करा आणि रात्री रूमवर. किचन असलेलं अपार्टमेंट घ्या. सुपरमार्केटमध्ये डाळ, तांदूळ, दही, भाज्या सगळं मिळतं. माद्रिदला लावापिएसमध्ये आपल्याकडच्या मसाल्यांची दुकानं आणि रेस्टॉरंटं आहेत, बार्सिलोनाला रावालमध्ये.

आणि "शाकाहारी" एवढं म्हणून थांबू नका. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको म्हटलं की वेटर मान हलवतो आणि हॅमचे तुकडे घातलेली भाजी आणतो, कारण त्याच्या हिशोबात हॅम म्हणजे मांस नाही. मिक्स सॅलडमध्ये ट्यूना असतो. "नी कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो, नी आतून" असं चारही बोला. ब्रेडवर टोमॅटो चोळून तेल-मीठ घातलेला पान कोन तोमाते, पिमिएंतोस दे पाद्रोन म्हणजे तळलेल्या छोट्या मिरच्या जाडं मीठ भुरभुरवून, बटाट्याचे ब्रावास (सॉसमध्ये मांसाचा स्टॉक आहे का विचारा). तोर्तिया अंड्याचं, म्हणजे तुमच्याकडे बाद.

चुर्रोसमध्ये अंडं नसतं. पीठ, पाणी, मीठ, आपल्या सोऱ्यासारख्याच यंत्रातून पाडतात आणि तळतात. सासूबाईंना यंत्र दाखवा.

ग्रासियातली | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

खाऊ नेताना एक लक्षात ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या नकोत. मेतकूट, चटण्या, तेलातल्या दशम्या चालतील.

अजून एक. इथे मेट्रोत पाकीटमारी फार. माझा फोन ऐन गर्दीत दार बंद होताना पर्समधून गेला, राहायला येऊन चार वर्षं झाली होती तेव्हा, म्हणजे नवखी पण नव्हते. पर्स पोटाशी, पासपोर्ट हॉटेलात.

मुक्काम_पोस्ट_कोथरूड | ४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

बरं ग्रानाडा राहू दे. ट्रेनचं सांगतो. बार्सिलोना सांट्स ते माद्रिद आतोचा, ६२१ किमी, अडीच तास. विमानाच्या भानगडीत पडू नका, विमानतळावर जाण्यायेण्यातच तेवढा वेळ जातो. सरकारी रेन्फेशिवाय दुसऱ्या कंपन्यांच्या पण गाड्या आहेत, भाडी तुलना करून बघा पण सामानाचे नियम वाचा, स्वस्त तिकिटावर मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे लागू शकतात. स्टेशनवर बॅगा स्कॅन होतात, अर्धा तास आधी पोचा. सकाळी दहाची घेतलीत तर जेवायला माद्रिदला.

शहरातल्या तिकिटात एक गंमत आहे. बार्सिलोनाचं १० फेऱ्यांचं कार्ड एका वेळी एकट्यालाच, चौघांना मिळून वापरता येत नाही. माद्रिदचं लाल कार्ड एकच घेऊन चौघांनी पाठोपाठ टेकवलं तरी चालतं.

ठाणेकरीण | ८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

ठरलं! ५-४. बार्सिलोना ८ ते १३, माद्रिद १३ ते १७. सेगोविया नक्की, तोलेदो नाही, त्याऐवजी बार्सिलोनाहून मोन्सेरात. १५ ला जत्रा. प्राडो दोनदा, दुसऱ्यांदा मी एकटी. मुलाला बेर्नाबेउ स्टेडियमची टूर, नवऱ्याला बार्साचं कॅम्प नोऊ, तिथे बांधकाम चालू असल्यामुळे काय काय दाखवतात ते बघूनच तिकीट काढणार. सगळ्यांचे मनापासून आभार.

रानवारा | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:००

शुभेच्छा. परत आल्यावर खरं खरं सांगा.

ठाणेकरीण | २६ मे, रात्री १०:१५

खरं खरं सांगायला आलेय.

साग्रादा संध्याकाळी साडेपाचला. ग्रासियातली, तुला साष्टांग. मुलगा सुद्धा दहा मिनिटं गप्प होता. पार्क ग्वेल नसतं केलं तरी चाललं असतं, ती सापाच्या आकाराची बाकं सोडली तर. मोन्सेरातच्या दिवशी नेमकं धुकं, दातेरी गाडीतून काहीच दिसलं नाही, वर देवळात मात्र सासूबाई रांगेत उभ्या राहून काळ्या मेरीच्या हातातल्या गोळ्याला हात लावून आल्या. काय मागितलं सांगत नाहीत.

माद्रिदचं अपार्टमेंट फोटोत दिसलं तसं नव्हतं, लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच आणि आम्ही तिसऱ्यावर. मालकाला आधी दोनदा विचारलं होतं. रोज एक मजला सासूबाईंना चढावा लागला. तेव्हा "लिफ्ट आहे का" असं न विचारता "लिफ्ट आमच्या मजल्याला थांबते का" असं विचारा.

सेगोवियाला हायस्पीड स्टेशन गावाबाहेर आहे पण ११ नंबरची बस थेट रोमन जलवाहिनीपाशी सोडते. सपाट चौक, समोर अठ्ठावीस मीटर उंच कमानी, दगडांमध्ये चुना नाही की सिमेंट नाही. सासूबाईंनी खालच्या खांबाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, पाझरत कसं नाही मग. नवरा तिथल्या माहितीफलकावर उत्तर शोधत बसला.

प्राडोत दुसऱ्या दिवशी एकटी गेले, संध्याकाळी साडेसहाला, पाऊण तास रांग. फक्त कुत्रा बघितला.

रानवारा, तुमच्यासाठी: नवऱ्याचं मत अजूनही बार्सिलोनाला एक दिवस कमी पडला. माझं मत माद्रिदला.

शेवटच्या आदल्या संध्याकाळी लावापिएसकर म्हणाले नव्हते तिथे गेलो, देबोदचं देऊळ. इजिप्तमधलं आहे, आस्वानच्या धरणात बुडालं असतं म्हणून दगड दगड सुटा करून स्पेनला दिलं, त्यांनी इथे टेकडीवर उभं केलं. नऊ वाजून गेले तरी ऊन होतं. सासूबाईंचं माहेर इंदापूरकडचं. त्या कट्ट्यावर बसल्या, बराच वेळ देवळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, आमच्या पळसनाथाला कुणी असं उचललं नाही गं, ते उजनीतच राहिलं, पाणी आटलं की बाहेर येतं.

लावापिएसकर | २७ मे, पहाटे २:०५

देबोद सांगायचं राहिलंच. घरापासून चालत जातो मी तिथे. पळसनाथाचा फोटो असेल तर टाका ना इथे, उन्हाळ्यातला.

ठाणेकरीण | २७ मे, सकाळी ७:३०

मामेसासरे तिकडेच असतात, आज फोन करते. या वर्षी पाणी किती उतरलंय विचारायला हवं.